शेवटच्याचा पहिला हात

वहिनींनी दोन तारांची टोकं मोटरच्या पत्र्यांना टेकवली, मोटर कानाजवळ नेली आणि डोळे मिटून घेतले. मोटर अंगठ्याच्या पेराएवढी. तिची थरथर बोटांना लागत होती आणि आवाजही येत होता, खालच्या पट्टीतला, एकसारखा.

"गोड आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि ती मोटर त्यांनी डावीकडच्या ताटलीत ठेवली. डावीकडची ताटली पास झालेल्यांची, उजवीकडची नापासांची. उजवीकडे हल्ली फारसं कुणी जात नव्हतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलगी हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आली.

"आई, ती शिट्टी बंद कर ना गं. माझी मीटिंग चाललीय. पलीकडचे विचारतायत, तुमच्याकडे फरशी कापतायत का."

"कसली शिट्टी?"

"आत्ता वाजत होती ती. ताटलीवर खिळा ओढल्यासारखी."

वहिनींनी तीच मोटर उचलून पुन्हा तारांना लावली. मुलीने झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. वहिनी आधी मुलीकडे आणि मग मोटरकडे बघत राहिल्या. मोटर त्यांच्या बोटांत शहाण्यासारखी फिरत होती.

"ही?"

"हीच. तुला खरंच नाही ऐकू येत?"

"हल्ली मोटरीच तशा येतात," वहिनी म्हणाल्या आणि तारा सोडवल्या.

आईची ही उत्तरं मुलीला पाठ होती. लोक हल्ली पुटपुटतात, दारावरची घंटा बिघडलीय, फोनवरचा माणूस तोंडात काहीतरी ठेवून बोलतो. ती आत गेली, मीटिंग संपवली आणि लगोलग कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन मोकळी झाली.

वहिनी ताटलीसमोर बसून राहिल्या. पास झालेल्या ताटलीत मोटरींचा ढीग होता. त्यातल्या किती खरोखर पास आणि किती किंचाळणाऱ्या, हे आता कुणाला विचारायचं?

पाहणाऱ्याला हा सगळा पोरखेळच वाटेल. रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये लाकडी ट्रॅक, वळणावळणांचा, सहा खाचांचा. प्रत्येक खाचेत हाताच्या पंजावर मावेल अशी एक गाडी, आत असलीच एक मोटर. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत अडकलेली, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, त्यांतून वीज. आपल्या हातात फक्त एक खटका. तो दाबाल तशी गाडी पळणार, वळणावर जास्त दाबलात तर उडून कुणाच्या तरी चहात पडणार. खेळणारे मात्र सगळे पिकल्या केसांचे. बसचा ड्रायव्हर, जो रस्त्यावर कधी हॉर्नसुद्धा वाजवत नाही आणि इथे पहिल्याच वळणावर उडतो. भूगोल शिकवणाऱ्या भूगोलबाई. खालच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे रंगवाले म्हणतात. आणखी दोघं. आणि भाऊजी, म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर.

वर्षातून एकदा मोठी शर्यत होई आणि तिचा नियम असा, की घरची मोटर चालणार नाही. सगळ्यांनी एकाच पेटीतून मोटर उचलायची. त्या पेटीत अगदी सारख्या, एकमेकींच्या जुळ्या बहिणी असाव्यात अशा मोटरी हव्यात, नाहीतर शर्यतीला अर्थच नाही. कारखान्यातून येताना त्या सारख्या दिसतात, पण असतात मात्र एकेक तऱ्हेच्या. कुणी गरम डोक्याची, कुणी आळशी, कुणी पहिल्या फेऱ्यांत दम दाखवून मग मान टाकणारी. म्हणून खूपशा मोटरी आणायच्या, त्या रुळवायच्या आणि त्यांतून सारख्या निवडायच्या. हे काम वहिनींच्या यजमानांचं होतं. त्यांना सगळे दादा म्हणत.

नवी मोटर एकदम पळवायची नसते. अगदी थोड्या विजेवर ती सावकाश फिरू द्यायची. आतले कार्बनचे ब्रश सपाट तोंडाचे येतात. ते हळूहळू झिजून आतल्या गोल तांब्यावर नीट बसले, की मग सुईच्या टोकाने तेलाचा थेंब द्यायचा आणि मग कान लावायचा. मीटर फक्त ती वीज किती खाते ते सांगतो. ब्रश वाकडा बसला असेल तर ते कानालाच कळतं. तशी मोटर वरच्या पट्टीत करकरते आणि भर शर्यतीत तापून मरगळते.

"नव्या सुनेसारखं आहे हे," दादा म्हणायचे. "पहिल्याच दिवशी सगळं घर तिच्या अंगावर टाकायचं नाही."

"हे तुमच्या आईला सांगायला हवं होतंत," वहिनी म्हणायच्या. त्या शेजारी बसून तेल द्यायच्या आणि बघता बघता त्यांचा कान दादांपेक्षा तिखट झाला. शेवटी शेवटी दादा मोटर लावायचे आणि वहिनींच्या भुवईकडे बघायचे.

दादा गेले तेव्हा वहिनींनी उंबरा ओलांडणंच सोडून दिलं होतं. मुलगी समजावून थकली. एका रविवारी भाऊजी पेटी काखेत मारून आले आणि चपलाही न काढता दारातूनच म्हणाले, "वहिनी, शर्यत तोंडावर आलीय आणि मोटरी सगळ्या कच्च्या आहेत. मला पेशंटमधून मान वर काढायला वेळ नाही. दादानंतर हे तुम्हालाच येतं. नसेल जमत तर सांगा, मी शर्यत रद्द झाल्याचं कळवतो." पेटी टेबलावर ठेवून ते निघूनही गेले. वहिनींनी दोन दिवस तिच्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तेलाची बाटली शोधली.

तेव्हापासून दर रविवारी त्या हॉलवर जात. जिना चढताना गुडघे कुरकुरत, पण वर गेल्या की "या वहिनी" म्हणत कुणीतरी खुर्ची सरकवी. गाडी ट्रॅकवरून उडाली की पुन्हा खाचेत बसवायचं कामही त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. आठवड्याचे बाकीचे दिवस त्या एका दिवसाच्या आधाराने जात. पेटी हातातून गेली असती, तर उगाच जिना चढून तिथे जायला त्यांना स्वतःचाच संकोच वाटला असता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोळे चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. वहिनी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसल्या. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली.

"मशीन सुरू कधी करणार?"

"केव्हाच सुरू केलंय, आजी," डॉक्टर म्हणाल्या. मुलगी जमिनीकडे बघू लागली.

खालच्या पट्टीतले आवाज शाबूत होते, वरच्या पट्टीतले गेले होते. "म्हणूनच तुम्हाला वाटतं सगळं ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धं ऐकू येतं, बाकीचं तुम्ही मनाने भरता. हे काही एका वर्षाचं नाही."

कानामागे बसणारं लहानसं यंत्र घेऊन त्या घरी आल्या तेव्हा जग भलतंच बडबडं झालं होतं. पिशवी चुरचुरत होती, चपला फटफटत होत्या, मुलगी चालताना तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"हा फ्रिज कधीपासून असा कण्हतो?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

त्यांनी पदर खोचला आणि डाव्या ताटलीतल्या मोटरी एकेक करून पुन्हा लावल्या. तिसऱ्याच मोटरला त्यांनी दचकून तारा सोडल्या. जवळजवळ निम्म्या मोटरी उजवीकडे गेल्या. हे सगळं त्यांनी पेटीत भरलं असतं आणि हसतमुखाने लोकांपुढे धरलं असतं! मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. मागच्या वर्षी काय केलं असेल? त्याच्या मागच्या वर्षी?

शर्यत झाली की त्या वर्षीच्या मोटरी डब्यात भरून ठेवायची दादांची रीत होती. उचललेल्या मोटरवर लगेच ज्याच्या त्याच्या रंगाचा नेलपॉलिशचा ठिपका पडे, म्हणजे कुणी मागाहून अदलाबदल करू नये. भाऊजींचा रंग पांढरा. "दात आणि मी, दोघंही पांढरेच बरे," असं ते म्हणत. वहिनींनी कपाटातून मागच्या तीन वर्षांचे डबे काढले.

सगळ्यात जुना डबा आधी उघडला. लाल ठिपका, सुरेल. निळा, सुरेल. पिवळा, हिरवा, काळा, एकाहून एक. पांढऱ्याला तारा टेकवल्या आणि ती मोटर अशी किंचाळली की आतून मुलगी ओरडली, "आई!"

पुढच्या वर्षीचा डबा. पाच मोटरी गोड आणि पांढरी किंचाळणारी.

वहिनींचे हात थांबले. गेल्या वर्षीचा डबा त्यांनी अगदी सावकाश उघडला आणि यंत्र कानामागे नीट बसवून एकेक मोटर लावली. पुन्हा तेच. पाच जणांना चांगल्या आणि भाऊजींना मेलेली.

पहिल्या वर्षाचं कोडं नव्हतं. हॉलवरच्या या क्लबात एक जुना रिवाज होता. मागच्या शर्यतीत जो शेवटचा आला, त्याचा पेटीत पहिला हात. शेवटच्याला तेवढाच दिलासा. शिवाय पहिल्या हाताला सगळ्या मोटरी एकेकदा बॅटरीला लावून बघायची मुभा, मग क्रमाने बाकीचे, आणि जिंकलेल्याने उरेल ती निमूट घ्यायची. त्या वर्षी भाऊजी आधीच्या शर्यतीचे विजेते होते. उरलेली मोटर त्यांच्या वाट्याला आली, ती नेमकी खराब निघाली आणि ते शेवटचे आले. ते नशीब म्हणू. पण त्यानंतर पहिला हात त्यांचाच होता. सगळ्या मोटरी कानाला लावून पाहायची मुभा त्यांना होती, आणि त्यांनी पेटीतली एकुलती एक वाईट मोटर उचलली. ती घेऊन पुन्हा शेवटचे आले. म्हणून पुढच्या वर्षीही पहिला हात त्यांचा, आणि पुन्हा वाईट मोटर.

ड्रायव्हर त्यांना म्हणायचा, "डॉक्टर, निवडून निवडून तीच कशी हो सापडते तुम्हाला?" सगळे हसायचे. वहिनीही हसायच्या. एकदा तर त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "भाऊजी, आता हात थरथरायला लागले तुमचे. खटका सोडा आणि माझ्यासारखी खुर्ची धरा." भाऊजींनी तोंड वाकडं करून मोटरलाच शिव्या घातल्या होत्या.

आणि गेल्या वर्षी पेटीजवळ जे झालं तेही आता नव्याने आठवलं. भाऊजींनी सगळ्या मोटरी ऐकल्या, एक बाजूला ठेवली, दुसरी पुन्हा उचलली आणि ती त्यांच्या हातून पडली. पडली ती पडली, वर त्यांचा बूट तिच्यावर पडला. पत्रा चेपून मोटर कामातून गेली आणि वहिनींना राखीव मोटर काढावी लागली. किती बोलल्या होत्या त्या! एवढ्या मेहनतीने रुळवलेली मोटर, डोळे कुठे असतात तुमचे, वगैरे वगैरे. भाऊजी चष्मा पुसत उभे राहिले होते. ज्या माणसाच्या हातून लोकांच्या तोंडात सुई कधी केसभर इकडची तिकडे झाली नाही, त्याच्या हातून मोटर पडली, यावर त्यांनी विश्वास ठेवला कसा? त्या वर्षी वाईट मोटरी दोन होत्या. एक माणूस एकाच शर्यतीत दोन मोटरी घेऊन कसा हरणार?

वहिनींना आधी राग आला, आणि तो खराखुरा होता. म्हणजे हा माणूस तीन वर्षं आपली कीव करत होता. आपण खुर्चीवर राणीसारख्या बसत होतो आणि हा खालून खुर्चीचा मोडका पाय धरून उभा होता. सरळ सांगायला काय झालं होतं? तोंड तर एवढं चालतं!

त्या तशाच तडक भाऊजींच्या दवाखान्यात गेल्या. बाहेरच्या बाकावर दोन पेशंट गालावर हात ठेवून बसले होते. आत दुधी काचेपलीकडे भाऊजी कुणाशी तरी बोलत होते. एरवी त्या काचेपलीकडचं अक्षरही वहिनींना कळलं नसतं. आज शब्द न् शब्द येत होता.

"बाहेर वहिनी आल्यात. त्यांना आत घे," भाऊजी सांगत होते. दवाखान्यात नवीन नर्स लागली होती. "आणि हे बघ, त्यांच्याशी बोलताना मास्क खाली घ्यायचा. समोर उभं राहून बोलायचं. मागून हाका मारायच्या नाहीत. आणि ऐकू आलं का, असं चुकूनसुद्धा विचारायचं नाही."

"कमी ऐकू येतं का त्यांना, सर?"

"त्यांना व्यवस्थित ऐकू येतं. आपण नीट बोलत नाही."

वहिनी बाकावर बसल्या. गालावर हात ठेवलेल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "फार दुखतंय का हो?" वहिनींनी नुसती मान हलवली आणि डोळे पुसले. कानामागचं यंत्र त्यांनी काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं.

भाऊजी स्वतःच बाहेर आले. दोन पावलं समोर येऊन थांबले, मास्क हनुवटीखाली ओढला आणि मगच त्यांनी तोंड उघडलं. हे ते नेहमीच असं करत होते. दवाखान्यात, हॉलवर, घरी जेवायला आले तरी. वहिनींनी इतके दिवस ती त्यांची ढब समजून सोडून दिलं होतं.

"काय वहिनी, इकडे कुठे? मोटरी झाल्या का? या वर्षी तरी एखादी धड आणा हो. दरवर्षी माझ्याच नशिबी मेलेली."

भांडायला आलेल्या वहिनींनी गालावर हात ठेवला.

"दाढ दुखतेय," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, आरसा घालून सगळ्या दाढा पाहिल्या. मास्क त्यांनी वर घेतला होता, पण काही विचारायचं झालं की तो खाली ओढत आणि वहिनींना ओठ दिसतील असे वाकत. दादा आजारी होते तेव्हाही हा माणूस असाच रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि वर्तमानपत्रावरून भांडण उकरून काढायचा. दादांना भांडायला तेवढाच दम येई. वहिनींना आठवलं आणि रागाचा जो काही अंश उरला होता तोही गेला. कुणीतरी आपली इतकी काळजी घेत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता. असं माणूस घरात असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, असं त्यांना त्या खुर्चीत पडल्या पडल्या अगदी भरून आलं.

"दाढेला काही धाड भरलेली नाही," भाऊजी म्हणाले.

"आता थांबलं दुखायचं."

भाऊजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मोटरींच्या नादात जेवणखाण विसरता, म्हणून होतं असं. जा, काहीतरी खा."

त्या निघाल्या त्या घरी येऊन सरळ टेबलाशी बसल्या. भाऊजींना काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. पण पेटी कशी भरायची हे पक्कं ठरलं होतं. त्यांनी पास झालेल्या मोटरीही पुन्हा सुरुवातीपासून रुळवल्या. सावकाश, थोड्या विजेवर, मध्ये गार होऊ देत. मुलीने मीटिंगा बाहेर गॅलरीत केल्या आणि कुरकुर केली नाही. रोज यंत्र लावून वहिनी मोटरी ऐकत, आणि त्यांना नवल वाटे, की वरचा तो बारीक सूर आपण इतके दिवस कशाच्या जोरावर विसरलो होतो. शेवटी सहा आणि एक राखीव अशा सात मोटरी उरल्या. एक लावली काय आणि दुसरी लावली काय, डोळे मिटून त्यांना स्वतःलाच ओळखता येईना.

शर्यतीच्या सकाळी त्यांनी केस नेहमीसारखे घट्ट न बांधता सैल सोडून कानांवरून घेतले.

हॉलमध्ये गर्दी होती. रंगवाल्यांनी ट्रॅक पुसून लख्ख केला होता. वहिनींनी पेटी मधल्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

"शेवटच्याचा पहिला हात!" रंगवाले ओरडले.

"या डॉक्टर," ड्रायव्हर म्हणाला. "आणि जरा लवकर आटपा. गेल्या वर्षी तुम्ही मोटरीला भूल देत होतात की काय कुणास ठाऊक."

भाऊजी कपाळाला आठ्या घालून पुढे आले, स्टुलावर बसले आणि पहिली मोटर बॅटरीला लावून कानाशी धरली. ठेवून दिली. दुसरी लावली. "हीच का ती रुळवलेली?" ते पुटपुटले. तिसरी, चौथी. त्यांचा तो त्रासलेला चेहरा वहिनींना पाठ होता. आज त्या पहिल्यांदाच त्या चेहऱ्यामागे काय चाललंय ते बघत होत्या. वाईट मोटर सापडेपर्यंत हा माणूस असा त्रासलेला असायचा आणि सापडली की "ही त्यातल्या त्यात बरी" म्हणून उचलायचा.

सहावी मोटर ठेवून भाऊजी थांबले. मग त्यांनी पुन्हा पहिली उचलली.

"अहो, एकेकदाच! नियम आहे," रंगवाले म्हणाले.

"थांबा हो."

त्यांनी सगळ्या मोटरी पुन्हा ऐकल्या. या खेपेला पुटपुटले नाहीत. एक मोटर या कानाला, मग त्या कानाला लावली. करंगळी कानात घालून हलवली. आठ्या गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर आता एक साधी, उघडी भीती होती. हॉलमध्ये कुणीतरी हसलं, पण ते लगेच थांबलं.

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "मला फरकच कळत नाहीये. माझा कान गेला की काय?"

ते खाली मान घालून, पेटीकडे बघत बोलले होते. समोर येऊन, ओठ दाखवून बोलायचं ते पहिल्यांदाच विसरले होते. तरी वहिनींना सगळं ऐकू आलं. त्यांनी उजव्या कानावरचे केस बाजूला केले आणि कानामागे अडकवले.

"तुमचा कान चांगला आहे, भाऊजी. फरक नाहीच आहे. कुठलीही घ्या."

भाऊजींनी मान वर केली. कानामागचं यंत्र पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, पुन्हा यंत्राकडे पाहिलं. हातातली मोटर अजून फिरत होती. ती बंद करायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"डॉक्टर, बॅटरी संपेल," भूगोलबाई म्हणाल्या.

"हो हो," असं म्हणत भाऊजींनी ती हातातलीच मोटर ठेवून घेतली आणि पांढरा ठिपका लावून घ्यायला पुढे केली. ठिपका लावताना नेलपॉलिश भाऊजींच्या बोटालाही लागलं. दोघांपैकी कुणीच ते पुसलं नाही.

शर्यत सुरू झाली आणि भाऊजींची गाडी पहिल्याच वळणावर उडाली. तीन वर्षं त्यांना खटका पुरता दाबून गाडी कशीबशी ओढायची सवय झाली होती. जिवंत मोटर हातात आल्यावर काय करायचं ते ते विसरलेच होते. वहिनींनी गाडी उचलून खाचेत बसवली. दुसऱ्या फेरीत ती पुन्हा उडाली.

"डॉक्टर, हळू! ती पळते या वर्षी!" ड्रायव्हर ओरडला आणि त्या नादात त्याची स्वतःचीही उडाली.

मग भाऊजींचं बोट सैल पडलं. गाडी वळणाआधी दम धरू लागली आणि सरळ रेषेवर सुटू लागली. सहाही मोटरींचा एकच सूर ट्रॅकवरून घुमत होता आणि वहिनी हात कमरेवर ठेवून तो ऐकत उभ्या होत्या. शेवटच्या फेरीला कुणाचीही मोटर तापली नाही, कुणाचीही मरगळली नाही. ड्रायव्हर जिंकला आणि त्याने बसमध्ये कधी वाजवला नसेल एवढा तोंडाने हॉर्न वाजवला. भाऊजी तिसरे आले. शेवटच्या आल्या भूगोलबाई. त्यांना वळणं कधी आवडलीच नव्हती.

लोक पांगले. भाऊजी वायर गुंडाळत होते आणि वहिनी मोटरी डब्यात भरत होत्या.

"भाऊजी."

"काय?"

"तीन वर्षं तुम्ही..."

"तीन वर्षं मी हरलो. सगळ्यांनी पाहिलंय." ते वायर गुंडाळतच राहिले. "हरणाऱ्याचे कुणी आभार मानतं का?"

"मी मानते," वहिनी म्हणाल्या. "माझे रविवार तुम्ही राखलेत. हे मी बोलणार, आणि तुम्ही मुकाट्याने ऐकून घ्यायचं."

भाऊजींनी ऐकून घेतलं. वायर गुंडाळून झाली होती. ती उलगडून त्यांनी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"आता पुढच्या वर्षी पहिला हात भूगोलबाईंचा," ते म्हणाले. "त्या काही ऐकतबिकत नाहीत. हाताला लागेल ती उचलतात."

"उचलू देत."

"माझा नंबर चौथा. तोवर पेटीत काय उरेल कुणास ठाऊक." हे ते डब्याकडे तोंड करून, वहिनींकडे पाठ फिरवून बोलले.

"जी उरेल ती चांगलीच असेल," वहिनी म्हणाल्या.